जुन्या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी नव्याने उभी करताना: कोकणातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येझदी, राजदूत, बुलेट, आरएक्स १००. रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत आजही कितीतरी घरांच्या पडवीत यातली एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असते. कोणाच्या वडिलांची, कोणाच्या काकांची. ती पुन्हा चालू करायची म्हटली की सगळे आधी इंजिनाकडे धावतात. पिस्टन, रिंगा, केबली या वस्तू शोधल्या की मिळतात. मूळची टाकी मात्र सहसा मिळत नाही, आणि कोकणात सगळ्यात आधी तीच जाते. म्हणून हे प्रश्न फक्त टाकीबद्दल आहेत.

गाडी तर वर्षभर चालवलीच नाही. मग टाकी आतून गंजली कशी?

चालवली नाही म्हणूनच गंजली. जून ते सप्टेंबरात रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्या चार महिन्यांत हवा ओलीच असते. अर्धी भरलेली टाकी झाकणाच्या बारीक भोकातून श्वास घेते. दिवसा आतली हवा तापून बाहेर जाते, रात्री गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्यातली वाफ पत्र्यावर थेंब धरते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे हे थेंब घरंगळत तळाला जाऊन बसतात.

आता टाकीचा तळ बघा. तो सपाट नसतो. टाकी फ्रेमच्या नळीवर स्वार झालेली असते आणि दोन्ही बाजूंना तिचे दोन पाय खाली उतरलेले असतात. कॉकची आतली नळी तळापासून थोडी वर असते, त्यामुळे तिच्या खालचं पाणी कॉक उघडला तरी बाहेर पडत नाही. गाडी साइड स्टँडवर लावलेली असली तर पाणी डाव्या पायात जमतं. डाव्या बाजूच्या तळाचा सांधाच आधी का फुटतो, याचं उत्तर यात आहे.

चाकरमान्यांच्या गाडीचं तर वेळापत्रकच पावसाला साजेसं असतं. मे महिन्यात गावी येऊन फिरवायची, अर्ध्या टाकीवर पडवीत लावायची आणि गणपतीला येऊन किका मारायच्या. मधले सगळे ओले महिने ती एका जागी उभी असते.

टाकी वाचण्यासारखी आहे की भंगारात द्यायची, हे कसं ओळखायचं?

आधी बाहेरून. टाकी उतरवून उलटी करा आणि खालच्या सांध्यावरून अंगठा फिरवा. रंगाखाली फुगोटे लागतील. एखादा फुगोटा नखाने खरवडला की लाल भुकटी निघते. तिथे दाभणाचं टोक टेकवून बेताने दाबा. टोक घसरलं तर पत्रा शिल्लक आहे. टोक आत शिरलं तर तिथे पत्रा उरलेला नाही, फक्त रंग आणि गंज एकमेकांना धरून आहेत. टाकीला फ्रेमवर धरणारे पुढचे कप आणि मागचं रबर बफर जिथे बसतं तिथेही बघा. त्या खाचांत पाणी साठून राहतं आणि खालची बाजू कोणी पुसतही नाही.

मग आतून. पेट्रोल काढून, टाकी धुऊन, उन्हात वाळवून झाल्यावर बाहेरून एलईडी बॅटरीचा प्रकाश टाका. लायटर, काडी, होल्डरला लावलेला दिवा यांतलं काहीही तोंडाजवळ न्यायचं नाही. नुसता तांबूस थर दिसला तर काळजी नाही. पापुद्रे सुटत असतील तर काम वाढलं, पण टाकी वाचते. तळ जाळीसारखा झाला असेल तर तेवढा पत्रा कापून नवा बसवावा लागतो. तो करणारा कारागीर हाताशी असेल तर मी तरीही मूळ टाकीच ठेवायला सांगेन.

बाजारात नवी टाकी मिळते. एवढा खटाटोप कशाला?

मिळते, पण ती नकली साच्यातली. जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. त्यानंतर बाजारात येणाऱ्या बऱ्याच टाक्यांचा पत्रा पातळ असतो, गुडघ्याजवळची वळणं बोथट असतात, झाकण नीट बसत नाही आणि फ्रेमवर चढवताना रबरांत ओढाताण करावी लागते. मूळ टाकीचा पत्रा जाड असतो, म्हणूनच ती इतके पावसाळे टिकली. गाडी रोज वापरायची असेल आणि जुनी टाकी खरोखर संपलेली असेल तर नवी घ्या, त्यात कमीपणा नाही. पण जुनी फेकू नका, जपून ठेवा.

काम सुरू करण्याआधी कोणती काळजी घ्यायची?

हे उत्तर दोनदा वाचा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने भडका उडतो. भरलेल्या टाकीत हवाच कमी असते. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र नेमकं हेच मिश्रण तयार होतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या विस्तवापर्यंत पोचते. मागीलदारी पाण्याची चूल पेटलेली असते, देव्हाऱ्यात समई असते, पडवीत इन्व्हर्टर असतो. म्हणून टाकी खळ्यात, मोकळ्या हवेत, वारा घराकडून बाहेर वाहत असेल अशा बाजूला उघडा. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. मुलांना लांब ठेवा.

ॲसिड घातलं तरी गंज तसाच राहतो. असं का?

येझदी आणि राजदूतवाल्यांचा हा नेहमीचा अनुभव. या गाड्यांत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळून भरतात. पेट्रोल उडून गेलं की तेल मागे राहतं आणि काळपट चिकट थर होऊन गंजावर बसतं. त्या थराखाली ॲसिड पोचत नाही. आधी रॉकेल किंवा डिझेल घालून टाकी रात्रभर ठेवा, हलवून काढून टाका, मग कडकडीत पाणी आणि भांड्यांचा साबण घालून दोन-तीनदा खळखळून घ्या. आतल्या पत्र्यावर पाणी थेंब न धरता पसरून वाहायला लागलं म्हणजे तेल गेलं. आरएक्स १०० ला तेलाची टाकी वेगळी असते, त्यामुळे तिच्या पेट्रोलच्या टाकीत हा थर नसतो. पण त्याच कारणाने तेलाचं संरक्षणही तिला मिळालेलं नसतं.

आत खडी घालून हलवावी का?

पापुद्रे असतील तर हलवावी, नुसता तांबूस थर असेल तर गरज नाही. क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक खडी स्वच्छ धुऊन वाळवून घ्या, नाहीतर बारीक नट-बोल्ट घ्या. जांभ्याचे खडे अजिबात नकोत, ते आत भुगा होऊन बसतात आणि मग तो लाल चिखल गंजाचा की दगडाचा हे कळतही नाही. समुद्राची वाळूही नको, तिच्यात मीठ असतं. साखळी घालायची तर तिचं एक टोक तारेने बाहेर बांधून ठेवा, नाहीतर ती पायात अडकून बसते. खडी मोजून घाला आणि मोजूनच बाहेर काढा. टाकी जुन्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण इथे घेतलेल्या मेहनतीने पुढचं ॲसिडचं काम निम्मं होतं.

कोणतं ॲसिड वापरायचं? आमच्याकडे कोकमाचं आगळ चालेल असं सांगतात.

कोकमाने तांब्याची भांडी लखलखतात हे खरं, त्यात आंबट ॲसिड असतं हेही खरं. पण आगळात मीठ घातलेलं असतं आणि लोखंडाला मीठ म्हणजे गंजाचं निमंत्रण. चिंचेच्या कोळाचा गाळ कोपऱ्यांत बसतो. तेव्हा स्वयंपाकघरातले हे दोन्ही उपाय टाकीसाठी नकोत.

संडास साफ करायचं ॲसिड काही गॅरेजांत सर्रास वापरतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंज ते झटपट खातं, पण गंज संपल्यावर थांबत नाही, चांगला पत्राही खायला लागतं. सांध्यांत शिरलेलं धुऊन निघत नाही आणि पुढच्याच पावसात तिथून नवा गंज फुटतो. वरवर चांगल्या दिसणाऱ्या टाकीला या ॲसिडाने सांध्यावर भोकं पडतात. माझ्या मते याला टाकीच्या आसपासही येऊ देऊ नये.

घरी करण्यासाठी सगळ्यात समंजस म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्व. लिटरला ५० ते १०० ग्रॅम या हिशेबाने दहा लिटरच्या टाकीला अर्धा ते एक किलो लागतं. गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, कारण वरचा भाग कोरडा राहिला तर तिथला गंज तसाच राहतो. कॉकचं भोक रबरी बुचाने बंद करा, कॉक बसवूनच ॲसिड भरू नका. दर दोन-तीन तासांनी टाकी कलती करा आणि बॅटरीने बघा. पत्रा राखाडी दिसला की काढा. चोवीस तासांच्या वर ठेवू नका. व्हिनेगरही काम करतं, पण सावकाश.

फॉस्फोरिक ॲसिड असलेले गंज काढायचे द्राव रंगांच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. ते गंजाचं रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करतात आणि पत्र्यावर राखाडी-काळा थर सोडतात. या थराचं थोडं संरक्षण मिळतं. गंज खोल असेल तर मी हेच वापरायला सांगतो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला आणि लिहिलाय तेवढाच वेळ ठेवा.

कोणतंही ॲसिड रंगावर किंवा क्रोमवर ओघळू देऊ नका. मूळ रंग राखायचा असेल तर तोंडाभोवती ग्रीस लावून वर प्लास्टिक बांधा.

बॅटरी चार्जरने गंज काढतात म्हणे. ते घरी जमेल?

जमतं आणि चांगलं होतं, कारण या पद्धतीत चांगला पत्रा खाल्ला जात नाही. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून टाकी भरा. एक साधी लोखंडी सळई तोंडातून आत सोडा, ती टाकीला कुठेही टेकता कामा नये. लाकडाच्या पट्टीला भोक पाडून त्यातून लोंबती ठेवा. बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार टाकीला, धन तार सळईला. उलटं जोडलं तर सळईऐवजी टाकीच झिजेल, म्हणून चालू करण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडून जोडणी तपासून घ्या.

सळई स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं आणि चिमटे काढण्याआधी चार्जर भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा. दर काही तासांनी सळई काढून तिच्यावरचा लगदा घासून टाका. सळईच्या समोर येणाऱ्या भागावर परिणाम चांगला होतो, पायांच्या आडोशाला कमी. त्यामुळे शेवटी थोडा वेळ सायट्रिकचा हात फिरवावाच लागतो.

धुऊन घेतली आणि तासाभरात आतून पुन्हा लाल झाली. काय चुकलं?

वाळवण चुकली. कोकणात टाकीचं खरं काम हेच आहे आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. ॲसिडातून निघालेला पत्रा उघडा असतो. दमट हवेत त्याच्यावर डोळ्यांदेखत तांबूस झाक चढते. त्यामुळे धुण्याची वेळ आधी ठरवायची आणि ॲसिड त्या हिशेबाने आदल्या संध्याकाळी भरायचं.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ घ्या. थंडीतही सकाळी दव असतं, म्हणून नऊ-दहाच्या आधी धुवायला बसू नका. दव उडून ऊन कडक झालं की ॲसिड काढा, साध्या पाण्याने खळखळा, मग खायचा सोडा विरघळवलेलं पाणी घालून सगळ्या कोपऱ्यांत फिरवा म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं. पुन्हा साधं पाणी. खाऱ्या विहिरीचं पाणी असेल तर शेवटचं धुणं नळाच्या किंवा पावसाळ्यात साठवलेल्या गोड्या पाण्याने करा. अगदी शेवटी उकळतं पाणी घाला, मिनिटभर ठेवा आणि एकदम उपडी करा. पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि आतलं बरंचसं पाणी आपल्याच उष्णतेने उडून जातं.

तरी सांध्यांत पाणी उरतंच. त्यासाठी अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून टाकी फिरवा. ते पाणी स्वतःत ओढून बाहेर घेऊन येतं. त्यानंतर झाकण-कॉक उघडे ठेवून अर्धा-पाऊण तास कडक उन्हात ठेवा आणि वास पूर्ण गेल्यावरच केस वाळवायचा ड्रायर लावा. अल्कोहोलची वाफ असताना ड्रायर लावला तर पेट घेईल. कॉकच्या भोकातून गरम हवा आत आणि मोठ्या तोंडातून बाहेर, असं निदान अर्धा तास चालू द्या. टाकी मधूनमधून कलती करा म्हणजे दोन्ही पाय वाळतील.

लायनर, म्हणजे टाकीच्या आतल्या पत्र्यावर चढवायचा थर, लावायचा नसेल तर लगेच पेट्रोलमध्ये थोडं टू-टी तेल मिसळून आत फिरवा. लायनर लावायचा असेल तर तेलाचा थेंबही नको, त्याच दिवशी लायनरला हात घाला. ‘उद्या बघू’ म्हणून टाकी एक रात्र उघडी ठेवली तर सगळं पहिल्यापासून.

भोकं कशी शोधायची?

पाणी भरून बघण्यापेक्षा रॉकेल भरून बघा. पाणी जिथे अडतं तिथूनही रॉकेल झिरपतं. बाहेरून सांध्यावर खडू घासून टाकी वर्तमानपत्रावर ठेवा. रॉकेल आलं की खडूची पांढरी रेघ तिथे काळवंडते. हवा भरून साबणाच्या पाण्याने तपासायचं असेल तर सायकलचा पंप पुरे, तोही अगदी हलक्या हाताने. गॅरेजचा कॉम्प्रेसर लावलात तर टाकी फुगते आणि वळणं कायमची बिघडतात.

भोक बुजवायला एम-सील चालेल?

घरी पोचण्यापुरतं चालेल. रस्त्यात टाकी गळायला लागली तर कपड्यांच्या साबणाची वडी भोकावर दाबून घासा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गाव येईपर्यंत गळती थांबते. जुने ड्रायव्हर हेच करत आले. कायमचं काम मात्र पत्र्याला पत्रा किंवा धातूच लावून होतं. एवढ्याशा भोकाला डाख पुरतो. मोठ्याला पितळेची झाळ हवी. साधं आर्क वेल्डिंग नको, गंजून पातळ झालेला जुना पत्रा त्याने जळतो आणि एका भोकाची तीन होतात. डाखाला आणि झाळेला वापरलेला पदार्थ नंतर गरम पाण्याने घासून काढा, तो राहिला तर तिथूनच गंज सुरू होतो.

झाळकाम करणारा माणूस टाक्यांच्या कामाचा सवयीचा असला पाहिजे. तो टाकी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, भोकाच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरून, झाकण आणि कॉक उघडे ठेवून मगच ज्योत लावतो. ‘रिकामीच आहे, लावतो’ म्हणणाऱ्याच्या हातून टाकी परत घ्या आणि घरी या.

आतून लायनर लावावाच का?

सगळ्यांनी नाही. भोकं नाहीत, पत्रा जाड आहे आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरते, तर लायनर नको. लायनर लावला की तो नीट चिकटलाच पाहिजे. ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर लावलेला लायनर वर्षा-दोन वर्षांत सुटतो, त्याचे पडदे कॉकच्या जाळीवर बसतात आणि गाडी घाटात बंद पडते. तो काढायला तीव्र सॉल्व्हंट लागतं आणि ते काम गंज काढण्यापेक्षा कटकटीचं.

सांध्यात सुईच्या टोकाएवढी पुष्कळ भोकं असतील तर मात्र लावा. टाकीसाठीच बनवलेला, इथेनॉल सहन करणारा दोन भागांचा इपॉक्सी घ्या. दोन्ही भाग मिसळल्यावर तो काकवीइतका दाट असतो. कॉकच्या आट्यांवर ग्रीस लावून बूच घाला, लायनर ओता आणि टाकी अगदी सावकाश सगळ्या अंगांवर फिरवत राहा. वीस-पंचवीस मिनिटांनी उरलेला पूर्ण निथळून काढा. तळाला जाड थर साठला तर तो कधीच नीट सुकत नाही. मग डब्यावर लिहिलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तच द्या.

पोचे, झाळ, क्रोम, लायनर, रंग. कोणतं काम आधी?

पोचे आणि झाळकाम आधी. क्रोम करायचा असेल तर त्यानंतर. मग आतली सफाई, मग लायनर, शेवटी रंग. रंग झाल्यावर पोचा काढता येत नाही आणि लायनरचा एक ओघळ नव्या रंगाची वाट लावतो.

रंग द्यायला कोणता महिना चांगला?

डिसेंबर ते फेब्रुवारी. दमट दिवशी लॅकरचा फवारा मारला तर रंगावर पांढुरकी झाक येते, पॉलिशने ती पूर्ण जात नाही. टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, जास्त टिकतो आणि पेट्रोलचे थेंब सहन करतो. तो मारणाऱ्याने चांगला मास्क घालायलाच हवा, त्यातल्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना वाईट. लांबी (पुट्टी) कमीत कमी भरू द्या. पोचा आतून उचलून पत्रा सपाट केला असेल तर लांबीचा पातळ हात पुरतो. जाड लांबी कंपनाने तडकते. प्राइमर मारल्यावर टाकी तशीच आठवडाभर ठेवू नका, प्राइमर दमट हवा शोषतो आणि खारा वारा असेल तर रंगाखाली मीठ अडकतं.

जावा-येझदीच्या टाकीवरची सोनेरी लायनिंग हाताने ओढलेली शोभते. बारीक लांब केसांचा ब्रश आणि स्थिर मनगट असलेले पेंटर गावोगाव होते, दुकानांच्या पाट्या आणि होड्यांची नावं रंगवणारे. असा कोणी तुमच्या गावात अजून असेल तर स्टिकर लावण्याआधी त्याच्याकडे जा. त्याने एका दमात ओढलेली रेघ सुरुवातीला किंचित जाड, शेवटाला निमुळती होते, आणि उजेडात टाकी फिरवली की ती हाताची आहे हे लगेच ओळखू येतं.

जावाच्या बाजूचा क्रोम गेला आहे. पुन्हा होतो का?

होतो, पण त्यासाठी टाकी कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला पाठवावी लागते. आधी निकेल आणि मग क्रोम असे थर चढतात, त्याखाली तांबं असलं तर उत्तम. जुना क्रोम उतरवल्यावर पत्रा किती उरला आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. दोन्ही तोंडं पक्की बंद करायला सांगा, प्लेटिंगचं पाणी आत गेलं तर आतला पत्रा खातं.

झाकण आणि कॉकचं काय?

झाकणाचं हवेचं भोक बारीक तारेने मोकळं करा. ते बुजलं की टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरत नाही आणि गाडी काही किलोमीटरवर बंद पडते. झाकण सैल केलं की पुन्हा चालू होते, हीच त्याची खूण. झाकणाचं आणि कॉकचं रबर नवीनच घाला. कॉकमधली जाळी फाटकी असेल तर बदला, आणि पहिले काही दिवस कार्बोरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा. त्यात काय जमतंय ते बघत राहिलात तर आतलं काम कसं झालं ते कळेल.

चिपळूणच्या पुरात गाडी बुडाली होती. टाकी वाचेल?

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न फार जणांनी विचारला. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, बारीक गाळ असतो. तो ओला असताना एका धुण्यात निघतो, वाळला की पायांच्या कोपऱ्यात विटेसारखा बसतो. म्हणून गाडीला किक मारण्याआधीच टाकी उतरवा, आतलं सगळं बुडाच्या भोकातून काढून टाका आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. घरात चिखल असताना टाकीकडे कोण बघणार, हे मलाही कळतं. तेव्हा वेळ नसेल तर निदान गोड्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवा. हवा नसली तर गंज सावकाश चढतो, आणि गाळ ओला राहतो. चार दिवसांनी नीट साफ करता येते.

ई२० पेट्रोलने जुन्या टाकीला त्रास होतो का?

होतो. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला जातात. हा खालचा थर साध्या पाण्याइतकाच पत्र्याला वाईट. जुनी रबरं आणि जुन्या पद्धतीचे काही लायनर त्याने फुगतात, मऊ पडतात. चालत्या गाडीला विशेष अडचण नाही, कारण पेट्रोल सतत बदलत असतं. उभ्या गाडीत मात्र ते महिनोन्‌महिने ठेवू नका.

रंग बदलला तर आरसीचं काय?

आरसीवर रंगाची नोंद असते. दुसरा रंग द्यायचा तर आरटीओत नोंद बदलून घ्या. मूळचाच रंग दिला तर प्रश्नच नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा तपासणीत हे बघतात.

वापरलेलं ॲसिड आणि जुनं पेट्रोल कुठे टाकायचं?

विहिरीच्या बाजूला, पाटात किंवा माडाच्या आळ्यात टाकायचं नाही. जांभ्याचा दगड सच्छिद्र असतो, वर ओतलेलं खाली विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. सायट्रिकचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत काढून, फेस यायचा थांबेपर्यंत थोडा थोडा खायचा सोडा घाला, गाळ खाली बसू द्या, मग पाण्यापासून लांब ओता. फॉस्फोरिकलाही आधी हेच करा, मात्र शेवटी ओतायची जागा विहीर आणि ओढा या दोन्हींपासून आणखी लांब निवडा. जुनं पेट्रोल आणि रॉकेल डब्यात बंद करून गॅरेजमध्ये द्या, तिथे सुटे भाग धुवायला वापरतात.

मे महिन्याच्या शेवटी मुंबईला परत जाताना टाकी कशी ठेवून जावी?

दोन मार्ग आहेत. गावी कोणीतरी आहे आणि दर पंधरा दिवसांनी गाडी चालवणार आहे, तर काठोकाठ भरून ठेवा. आत हवा नाही तर थेंबही धरत नाहीत. कोणीच नसेल तर भरलेली ठेवू नका, चार महिन्यांत हे पेट्रोल बिघडतं. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा, उन्हात वाळवा, आत पाव लिटर टू-टी तेल घालून सगळीकडे फिरवा आणि उरलेलं काढून घ्या. झाकण लावून तोंडावर प्लास्टिक बांधा, कॉकच्या भोकाला बूच लावा आणि टाकी घरात, माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला ठेवा. तिथे पावसाळ्यातही कोरडं असतं, आणि आत पेट्रोल नसल्यामुळे धोका नाही, मात्र ठेवण्याआधी झाकण उघडून पेट्रोलचा वास पूर्ण गेला आहे याची खात्री करा. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही खालचा स्क्रू सैल करून काढून टाका, नाहीतर जेट बुजतं. गणपतीला आल्यावर टाकीत अर्धा लिटर ताजं पेट्रोल घालून खळखळा, ते बाहेर काढा आणि मगच भरा.